अष्टमीच्या ओहोटीला कुलाबा

कुलाबा म्हटले की मुंबईच्या व्यापाऱ्याच्या डोळ्यांपुढे शहराचे दक्षिण टोक येते. अलिबागकराच्या डोळ्यांपुढे येतो तो समुद्रात उभा असलेला काळा कोट. आज ज्या जिल्ह्याला रायगड म्हणतात, त्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा होते, ते या कोटावरूनच. गेटवे ऑफ इंडियापासून मांडव्यापर्यंत बोट आणि तेथून बसने अलिबाग, असा सकाळचा प्रवास करून माणूस किनाऱ्यावर येतो. कोट समोर, जेमतेम दीड-दोन किलोमीटरवर, पाण्यावर तरंगत असल्यासारखा दिसतो. पण हे शेवटचे अंतर कापायचे केव्हा, हे ठरवणे प्रवाशाच्या हाती नसते.

कोटात पायी किंवा घोडागाडीने जायचे ते ओहोटीला. भरती लागली की वाट पाण्याखाली जाते. ओहोटी केव्हा, याचा कोळ्यांचा हिशेब मोठा सोपा आहे. तिथीची पाऊणपट करावी. येईल तो आकडा भरतीच्या वाजण्याचा. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून दुपारी सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहाला भरती आणि त्यानंतर सहा तासांनी, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास, ओहोटी. ज्या घरांत अष्टमी-चतुर्दशी पाळली जाते, त्या घरांतील माणसाला हा हिशेब दोनदा सांगावा लागत नाही. एवढे मात्र लक्षात ठेवावे की अष्टमीचे पाणी भांगाचे असते, उधाणाचे नव्हे. ते फार चढत नाही, तसे फार उतरतही नाही. वाट पूर्ण कोरडी होत नाही आणि मध्ये कोठे कोठे घोट्याच्या वर, क्वचित गुडघ्यापर्यंत पाणी लागते.

मार्गशीर्षातील अशाच एका शुद्ध अष्टमीला मुंबई आणि पुण्याकडील पाच-सहा व्यापारी कुटुंबे कोट पाहावयास आली होती. लहानमोठी पंचवीस माणसे. कोणाची धान्याची अडत, कोणाचे कापड, कोणाचा भांड्यांचा व्यापार, एकाच्या मुलाचा मसाल्यांच्या निर्यातीचा धंदा. सोबतीला त्यांनी अलिबागचे एक निवृत्त शिक्षक घेतले होते. तीस वर्षे शाळेत इतिहास शिकविल्यानंतर हे गृहस्थ आता पाहुण्यांना कोट दाखवितात. प्रथम तासभर हिंडावयाचे, मग दुपारी शिदोरी सोडण्याच्या वेळी सर्वांना सावलीत बसवून अर्धा-पाऊण तास अठराव्या शतकातील लढायांविषयी बोलावयाचे, अशी त्यांची रीत. व्याख्यान लांबले तर भरती येते, त्यामुळे ते लांबत नाही. पुष्कळ सभागृहांना ही सोय नाही.

कोटाचे बांधकाम शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात, १६८० मध्ये, सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या कारकिर्दीत पुरे झाले. तटाचे मोठमोठे चिरे एकावर एक नुसते रचलेले आहेत. मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींतून शिरते आणि तिचा जोर तेथेच जिरतो. चुन्याने बुजविलेला तट तीच लाट अंगावर घेऊन कालांतराने ढासळला असता, असे गुरुजी सांगतात. भोवती खारे पाणी असता आत गोड्या पाण्याची बांधीव पुष्करणी आहे. तिच्या जवळ सिद्धिविनायकाचे देऊळ आहे. ते राघोजी आंग्रे यांनी १७५९ मध्ये बांधले. कोटात पद्मावतीचेही स्थान आहे. ते नाव ऐकताच मंडळींतील एका वृद्ध मातोश्रींचे हात आपोआप जोडले गेले. ही भगवान पार्श्वनाथांची यक्षिणी नव्हे, कोटाची ग्रामदेवता आहे, असे सुनेने हळूच सांगितल्यावरही त्यांनी ते लगेच सोडले नाहीत.

उत्तरेकडील तटाजवळ चाकांच्या गाड्यावर चढविलेल्या दोन तोफा आहेत. मुलांची सर्वांत जास्त गर्दी तेथे होते आणि छायाचित्रे निघतात ती ‘आंग्र्यांची तोफ’ म्हणून. गुरुजी मुलांना तोफेवरील अक्षरे वाचावयास लावतात. तेथे इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातल्या लो मूर येथील लोखंडाच्या कारखान्याचे नाव निघते. तोफा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरच्या आहेत आणि आंग्र्यांचे संस्थान इंग्रजांनी १८४० मध्येच खालसा केले होते. म्हणजे ज्यांच्या नावाने त्या ओळखल्या जातात त्यांनी त्या कधी पाहिल्याही नाहीत. माल कोणाचा आणि नाव कोणाचे, हा प्रश्न त्या दिवशी प्रथम निघाला तो या तोफांपाशी. त्या वेळी कोणी त्याकडे विशेष लक्ष दिले नाही.

साडेबाराला देवळाच्या बाजूच्या सावलीत सतरंज्या पसरल्या. तिथी असल्याने डब्यांत हिरवी भाजी नव्हती. खाखरे, साधे थेपले, शिजवलेले मूग आणि उकळून गार केलेले पाणी. अलिबागचा पांढरा कांदा प्रसिद्ध आहे, त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे, रस्त्याच्या कडेला त्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. पण या मंडळींनी त्या माळांचे फक्त कौतुक केले. डबे उघडले आणि गुरुजी बोलू लागले.

त्यांनी आरंभ केला तो कान्होजी आंग्र्यांपासून. १६६९ चा जन्म. छत्रपती शाहू आणि ताराराणी यांच्यातील वादात किनाऱ्यावरील सत्ता ज्याच्या बाजूला जाईल त्याचे पारडे जड, हे ओळखून बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये कान्होजींना भेटले आणि तह झाला. कान्होजींनी शाहूंचे स्वामित्व मान्य केले. कुलाब्यासह किनाऱ्यावरील किल्ले आणि सरखेल हे पद त्यांच्याकडे राहिले. आज ज्या गावात बस थांबते ते अलिबाग त्यांच्याच काळात वाढले. गावातला हिराकोट त्यांचा, चांदीचा अलिबागी रुपयाही त्यांचा.

मग लढाया. १७१८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर चार्ल्स बून याने खांदेरीवर हल्ला केला तो फसला. कोटाच्या तटावर उभे राहिले की उत्तरेस थळच्या समोर खांदेरी आणि उंदेरी ही दोन बेटे दिसतात. गुरुजींनी मुलांना उठवून ती दाखविली. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत खांदेरी आहे, कुलाबा नाही. अलिबागकरांच्या मनाला ते थोडेसे लागलेले आहे आणि गुरुजींनीही ते लपविले नाही.

सर्वांत रंगले ते १७२१ चे आख्यान. इंग्लंडच्या राजाच्या आरमारातील कमोडोर थॉमस मॅथ्यूज याची जहाजे, मुंबईकर इंग्रजांची फौज आणि गोव्याहून स्वतः आलेला पोर्तुगीज व्हाइसरॉय अशी जोडफौज त्या डिसेंबरात चौलला जमली. सुमारे सहा हजार माणूस. जमिनीवरून उत्तरेकडे चालून येऊन कुलाबा घ्यावयाचा, असा बेत. महिना हाच, किनारा हाच. मॅथ्यूज घोड्यावरून टेहळणी करीत असता एका मराठा स्वाराने त्याच्या मांडीत भाला मारला. चिडून त्याने त्या स्वाराचा पाठलाग केला, पिस्तूल रोखून चाप ओढला, तेव्हा त्याच्या ध्यानात आले की पिस्तूल भरलेच नव्हते. मुले पोट धरून हसली. गुरुजींनी हे मनचे सांगितलेले नाही. त्या मोहिमेत असलेल्या क्लेमेंट डाउनिंग नावाच्या इंग्रजानेच ते आपल्या पुस्तकात लिहून ठेवले आहे आणि ते पुस्तक १७३७ मध्ये छापले गेले. हल्ला मागे रेटला गेला. इतक्यात बाजीराव पेशव्यांचे घोडदळ घाट उतरून आले. पोर्तुगीजांनी रंग ओळखला आणि जानेवारी १७२२ मध्ये इंग्रजांना बाजूला ठेवून बाजीरावांशी तह केला. संतापलेल्या मॅथ्यूजने आपल्याच दोस्तांच्या एका सेनाधिकाऱ्याच्या तोंडात छडी खुपसली, अशीही डाउनिंगची नोंद आहे. हाच मॅथ्यूज पुढे राजाची जहाजे खाजगी व्यापाराला वापरल्यावरून लष्करी न्यायालयापुढे उभा राहिला. हे ऐकून मात्र मोठी माणसे हसली.

येथे गुरुजींचे भाषण नेहमी संपते. टाळ्या होतात, डबे आवरतात, मंडळी वाटेला लागतात. त्या दिवशी मात्र धान्याच्या अडतीवर चाळीस वर्षे बसलेले एक काका म्हणाले, “गुरुजी, फार सुंदर सांगितलेत. एक विचारू का? राजे लढले, साहेब लढले, ते समजले. पण भांडण कशावरून होते? आणि समुद्रात ज्यांचा माल होता त्यांचे काय झाले?”

गुरुजी क्षणभर थांबले. “शेठ, हा प्रश्न शाळेत कोणी विचारीत नाही,” ते म्हणाले, आणि घड्याळ पाहून पुन्हा खाली बसले.

भांडण होते ते एका कागदावरून. त्याचे नाव दस्तक. या किनाऱ्यावरून जाणाऱ्या गलबताने सरखेलाचा परवाना घ्यावा, त्याची रक्कम भरावी आणि निर्धास्त जावे. परवाना नसेल तर गलबत आणि माल धरला जाईल. इंग्रज त्याला चाचेगिरी म्हणत. पण या समुद्रात परवान्याची पद्धत कान्होजींनी सुरू केली नाही. त्यांच्यापूर्वी दोनशे वर्षे पोर्तुगीज हेच करीत होते. त्यांच्या परवान्याला कार्ताझ म्हणत आणि तो नसलेले जहाज ते खुशाल लुटीत. मुंबईचे इंग्रजही आपले परवाने देत. जंजिऱ्याच्या सिद्दीचे आरमार मोगल बादशहाच्या चाकरीत होते, म्हणजे तो हक्क तिकडूनही. एका गलबताने सुरतेहून निघून दक्षिणेकडे मलबारपर्यंत जावयाचे, तर वाटेत तीन-चार धनी, आणि प्रत्येकाचा शिक्का निराळा. एकाचा सरखेल तो दुसऱ्याचा चाचा.

खरी गाठ पुढे होती. १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची सशस्त्र नौका पकडली. तीत कारवारच्या वखारीचा प्रमुख होता, तो लढाईत मेला. त्याची तरुण पत्नी कैदेत पडली. फेब्रुवारी १७१३ मध्ये तीस हजार रुपये खंडणी घेऊन तिला व नौकेला सोडले आणि कंपनीच्या जहाजांना त्रास द्यावयाचा नाही असा करार झाला. करारात कंपनीची जहाजे असा शब्द. आता मुंबईत राहणाऱ्या एखाद्या देशी व्यापाऱ्याने आपल्या शिबाडावर इंग्रजांचे निशाण लावले आणि इंग्रजांचा परवाना घेतला, तर ते जहाज कोणाचे? कंपनी म्हणे, निशाण आमचे, म्हणून जहाज आमचे. कान्होजींचे म्हणणे, माल कंपनीचा नाही, धनी कंपनीचा नाही; करार त्याला लागू होत नाही. दोन्ही पक्षांना आपापली बाजू न्याय्य वाटत होती. निवृत्तीपर्यंत बँकेत कर्जाची कागदपत्रे तपासणाऱ्या माणसालाही यावर पटकन निकाल देता आला नसता. मध्ये सापडत असे तो शिबाडाचा मालक. त्याने एका हाताला पैसे भरलेले असत आणि दुसरा हात माल घेऊन जाई.

आणि त्या मालकाला समुद्रावर सुटका नव्हती. आंग्र्यांच्या गुराबा उथळ तळाच्या, आणि गलबते वल्ह्यांवर चालणारी. वारा पडला की शिडाचे अवजड जहाज जागच्या जागी उभे राहते. गलबते गुराबांना ओढीत त्याच्या मागल्या अंगाला आणीत, जेथे तोफा सर्वांत थोड्या, आणि गुराबा नाळेवरच्या तोफांनी शिडे व डोलकाठ्या फोडीत. मग गलबतांतली माणसे वर चढत. खाडीत पळाले तर मोठ्या जहाजाला मागे जाता येत नसे.

“मग व्यापारी करीत काय असत?” काकांनी विचारले.

याचे उत्तर गुरुजींच्या आधी काकांच्या शेजारी बसलेल्या एका सराफाने दिले. त्यांच्या आजोबांच्या तोंडी जोखमी हुंडी हा शब्द असे. साधी हुंडी मुदत भरली की देणे. जोखमी हुंडी मात्र माल सुखरूप बंदराला लागला तरच देणे. जहाज बुडाले किंवा लुटले गेले तर हुंडी घेणाऱ्याचे पैसे गेले. म्हणजे कर्ज आणि विमा एकाच कागदात. अर्थात जोखीम जितकी मोठी तितका हुंडीचा भाव चढा. समुद्रावर कोण कोणाशी लढतो आहे, हे पेढीवर बसलेल्या माणसाला असे बसल्या जागी कळे, आणि तो भाव अखेर मिरी-सुपारीच्या किमतीत उतरे. मसाले निर्यात करणारा मुलगा एवढा वेळ गप्प होता, तो म्हणाला, “काका, आजही हेच आहे. तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि आमचा विमा आणि भाडे दोन्ही वाढले. माझा कंटेनर न्हावा शेव्याहून सुटतो.” न्हावा शेवा याच जिल्ह्यातले, याच किनाऱ्याचे उत्तर टोक.

मग गुरुजींनी जे सांगितले ते ते एरवी सांगत नाहीत. त्यात लढाई नाही.

त्या काळी मुंबईत रामा कामाठी नावाचा एक शेणवी गृहस्थ होता. मोठा व्यापारी, आणि कंपनीच्या देशी शिपायांचा नायकही. वाळकेश्वराच्या देवळाचा १७१५ मधील जीर्णोद्धार त्याच्या नावावर आहे. १७१८ च्या नाताळात फोर्टमधले सेंट थॉमस चर्च उघडले, ज्याच्यावरून चर्चगेट हे नाव पडले, त्या समारंभाला तो आपल्या जातबांधवांसह हजर होता. एका वस्तीत राहावयाचे तर सर्वांशी सलोख्याने राहावे, असे वागणारा माणूस. त्याच वर्षी खांदेरीची मोहीम फसली होती. अपयशाला धनी हवा असतो. १७२० मध्ये रामा कामाठीवर खटला भरला गेला की तो कान्होजी आंग्र्यांशी गुप्त पत्रव्यवहार करून इंग्रजांच्या हालचाली कळवितो. पुरावा म्हणून पत्रे पुढे आली. एका साक्षीदाराच्या अंगठ्यांना लोखंडी पेच आवळले गेले तेव्हा त्याने हवी ती कबुली दिली. गव्हर्नर बून स्वतः या प्रकरणात पुढे होता. रामा कामाठी दोषी ठरला, त्याची मालमत्ता जप्त झाली आणि त्याला तुरुंगात टाकले गेले. १७२८ मध्ये तो तुरुंगातच वारला. ती पत्रे बनावट होती, हे पुढे उघड झाले.

पंचवीस माणसांत कोणी काही बोलले नाही. लहान मुलांनाही काहीतरी कळले असावे. एकाने हातातला खाखरा तसाच धरला होता. ज्या माणसाचा सारा व्यवहार सहीशिक्क्याच्या विश्वासावर चालतो, त्याला या गोष्टीतली भीती समजावून सांगावी लागत नाही. मॅथ्यूजच्या मांडीतला भाला महिन्याभरात बरा झाला असेल. रामा कामाठीने आठ वर्षे काढली.

“गुरुजी, तो खरोखर आंग्र्यांना पत्रे लिहीत नव्हता?” मसाल्यांच्या मुलाने विचारले.

“पुराव्यात जी ठेवली ती त्याची नव्हती, एवढे सांगता येते,” गुरुजी म्हणाले. “आणि लिहिली असती, तरी व्यापाऱ्याने दोन्ही किनाऱ्यांशी बोलणे ठेवणे याला तुमच्या पेढीवर काय म्हणतात? फितुरी म्हणतात का?”

यावर काका म्हणाले, “राज्य वेगळे, पेढी वेगळी, गुरुजी. तो त्यांच्या शिपायांचा नायकही होता. दोन खुर्च्यांवर बसला, तेथे चुकला.” सराफांना हे पटले नाही. त्या काळी एवढ्या मोठ्या माणसाला नको म्हणावयाची सोय तरी होती का, असे ते म्हणाले. वाद थोडा रंगला. गुरुजींनी त्यात निकाल दिला नाही.

त्यांनी उरलेला इतिहास झपाट्याने सांगितला. कान्होजी १७२९ मध्ये गेले. त्यांची समाधी अलिबागेत आहे आणि परत जाताना ती पाहावी. थोरले सेखोजी १७३३ मध्ये गेले आणि मग भावाभावांत फूट पडली. कुलाबा मानाजींकडे, दक्षिणेकडचा भाग संभाजींकडे आणि त्यांच्यामागे तुळाजींकडे. चालत्या पेढीची वाटणी झाली की पत कशी अर्धी होत नाही, पाव होते, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होते. मे १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतली. पुढच्या वर्षी चौल-रेवदंडा आणि कोरलई पोर्तुगीजांच्या हातून गेले. कोरलईत पोर्तुगीज वळणाची एक मिश्र बोली आजही घराघरांत बोलली जाते, तेवढी खूण राहिली. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज एकत्र येऊन विजयदुर्गावर गेले आणि तुळाजींचे आरमार जळाले. मराठ्यांच्या आरमाराचा मोठा भाग मराठ्यांच्याच संमतीने गेला. हे वाक्य गुरुजी नेहमी एका विशिष्ट स्वरात म्हणत असावेत. त्या दिवशी ते घाईत म्हणून टाकले, कारण पाणी फिरले होते.

उठता उठता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. वसई पडल्यावर मुंबईचे इंग्रज घाबरले आणि मराठ्यांच्या भीतीने त्यांनी किल्ल्याभोवती खंदक खणावयास घेतला. त्या खंदकासाठी मुंबईच्या व्यापाऱ्यांनी वर्गणी दिली ती तीस हजार रुपये. कैदेतल्या बाईची आणि नौकेची खंडणी तीस हजार, खंदकाची वर्गणीही तीस हजार. सराफांनी खिशातून लहानशी वही काढून दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले आणि पुढे वर्षे घातली: १७१३, १७३९.

“जमेच्या बाजूला काय लिहावे?” त्यांनी काकांना विचारले.

“कोणाच्या वहीत लिहिता आहात, त्यावर आहे,” काका म्हणाले.

दीड वाजला होता. महादरवाजातून बाहेर पडताना कमानीवरचे कोरीव मोर आणि हत्ती मुलांनी पुन्हा मोजले. वाटेवर पाणी पिंडरीपर्यंत आले होते. वृद्ध मातोश्रींना आणि लहान मुलांना घोडागाडीत बसविले. बाकीचे चपला हातात घेऊन, धोतरे आणि विजारी वर खोचून चालू लागले. काका गुरुजींच्या बरोबरीने चालले होते. अर्ध्या वाटेवर ते म्हणाले, “पुढची मंडळी येतील तेव्हा रामा कामाठी सांगणार ना?”

“वद्य सप्तमीला पनवेलच्या शाळेची मुले येणार आहेत,” गुरुजी म्हणाले. “त्यांना पिस्तुलाची गोष्ट लागते. पण पिस्तूल लवकर उरकतो.”

किनाऱ्यावर पोहोचेपर्यंत मागची वाट दिसेनाशी झाली होती. घोडागाडीवाल्याने घोड्याचे तोंड गावाकडे वळविले आणि मंडळी पाय पुसून कान्होजींच्या समाधीकडे निघाली.